नाक, कवटी आणि जनुकं : माणसाच्या वर्गीकरणाचा आढावा

चार्ल्स डार्विनने १८७१ साली ‘द डिसेंट ऑफ मॅन’ प्रसिद्ध केलं. त्यातल्या मानववंशांवरच्या प्रकरणात एक यादी आहे. माणसाचे वंश किती, या प्रश्नाला त्याच्या आधीच्या अभ्यासकांनी दिलेली उत्तरं डार्विनने त्यात एकापाठोपाठ मांडली आहेत. व्हिरेच्या मते २, जाकिनोच्या मते ३, कांटच्या मते ४, ब्लूमेनबाखच्या मते ५, ब्यूफाँच्या मते ६. पुढे अगासी ८ सांगतो, पिकरिंग ११, मॉर्टन २२, क्रॉफर्ड ६० आणि बर्क ६३. ही सगळी मंडळी आपापल्या काळातली जाणती माणसं होती आणि प्राणीही एकच होता. डार्विनने यातून काढलेला निष्कर्ष असा, की माणसांचे गट एकमेकांत इतके हळूहळू मिसळत जातात, की त्यांच्यामध्ये ठाम रेघ मारता येईल असं लक्षणच सापडत नाही.

तेव्हापासून आजपर्यंत या प्रश्नावर दोन तयार उत्तरं ऐकू येतात. एक म्हणतं, नायजेरियाचा माणूस आणि नॉर्वेचा माणूस यांतला फरक लहान मुलालाही कळतो, मग वंश नाहीत असं कसं म्हणता? दुसरं म्हणतं, वंश ही निव्वळ समाजाची कल्पना आहे, जीवशास्त्राचा तिच्याशी काही संबंध नाही. पहिलं उत्तर चुकीचं आहे आणि दुसरं अपुरं. माणसामाणसांत जैविक फरक आहेत, यावर वाद नाही. त्या फरकांवरून माणसाचे स्वाभाविक कप्पे पडतात का, आणि पडत असतील तर आधी काय झालं, फरक की कप्पे, हा खरा प्रश्न आहे. आपल्या देशाच्या बाबतीत या दुसऱ्या भागाचं उत्तर विशेष महत्त्वाचं ठरतं.

सुरुवात कार्ल लिनियसपासून करायला हवी. ‘सिस्टेमा नातुरे’ची पहिली आवृत्ती १७३५ची आणि प्राणिशास्त्र जी आधारभूत मानतं ती दहावी १७५८ची. माणसाला वानरांच्या शेजारी, एकाच गणात बसवणं हे त्या काळात धाडसाचं काम होतं आणि ते त्याने केलं. इतर प्राण्यांपुढे त्याने लक्षणं दिली. माणसाच्या नावापुढे मात्र ‘स्वतःला ओळख’ एवढंच लिहिलं. पण त्याच ठिकाणी त्याने माणसाचे चार खंडांनुसार चार प्रकार केले, आणि दहाव्या आवृत्तीत प्रत्येकाला रंग, स्वभाव, पेहराव आणि राज्यपद्धतीही जोडली. युरोपीय माणूस कायद्याने चालतो, अमेरिकेचा मूळ रहिवासी रूढीने, आशियातला मतांनी आणि आफ्रिकेतला लहरीने. आशियाई माणूस, म्हणजे आपणही, त्यात पिवळट, उदास, गर्विष्ठ, लोभी आणि सैल कपडे घालणारा ठरलो. हाच लिनियस वनस्पतींची वर्गवारी फुलातल्या पुंकेसरांच्या संख्येवरून करत होता. ती संख्या कुणीही मोजून पडताळू शकत होतं. माणसापाशी आल्यावर मोजणं संपलं आणि प्रवाशांच्या कहाण्या व स्वतःच्या समाजाचे समज त्या जागी आले. वंशाच्या पुढच्या सगळ्या इतिहासाचं बीज मला या एका फरकात दिसतं.

गॉटिंगेनच्या योहान फ्रीडरिश ब्लूमेनबाखने १७७५च्या प्रबंधात चार प्रकार मानले होते, नंतर पाच केले. जॉर्जियातल्या एका स्त्रीची कवटी त्याला सर्वांत सुंदर वाटली. तिच्यावरून १७९५मध्ये ‘कॉकेशियन’ हे नाव रूढ झालं आणि सरकारी व वैद्यकीय अर्जांतून ते अजून हटलेलं नाही. सौंदर्याचा निकष शास्त्रात असा शिरला. तरीही ब्लूमेनबाखला न्याय द्यायला हवा. हे प्रकार एकमेकांत नकळत विरघळतात आणि मानवजात एकच आहे, हे त्याने ठासून सांगितलं. आफ्रिकी लेखकांचे ग्रंथ त्याने मुद्दाम जमवले होते. त्याच्या वाचकांनी पाच नावं उचलली आणि ही तळटीप सोडून दिली.

प्राणिशास्त्रात प्रजातीच्या खालचा कप्पा उपप्रजातीचा. तो कसा पाडतात हे पाहण्यासाठी महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू घ्यावा. भीमाशंकरच्या शेकरूला साइक्स या अभ्यासकाने १८३१ साली दिलेलं ‘एल्फिन्स्टोनाय’ हे नाव पुढे उपप्रजातीचं नाव म्हणून वापरलं गेलं. सह्याद्रीत उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना शेकरूच्या पाठीचा आणि शेपटीचा रंग बदलत जातो. त्या रंगांवरून उपप्रजाती किती मानायच्या, यावर अभ्यासकांत एकमत नाही. वाघाची गोष्ट याहून ठळक आहे. पूर्वीपासून त्याच्या आठ-नऊ उपप्रजाती सांगत आले. २०१७मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या मार्जार तज्ज्ञ गटाने दोनच मानल्या, आणि पुढच्याच वर्षी संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासातून सहा असल्याचं मांडलं गेलं. प्रजातीला निदान प्रजननाची कसोटी आहे. उपप्रजातीची सीमा कुठे धरायची, हे अभ्यासकाला ठरवावं लागतं. म्हणून १९५३मध्ये विल्सन आणि ब्राउन या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी हा कप्पाच फारसा उपयोगाचा नाही, असं लिहिलं. एका लक्षणावरून रेघ मारावी, तर दुसरं लक्षण भलतीच रेघ दाखवतं, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. लक्षात घ्या, तो माणसाबद्दल नव्हता, प्राण्यांच्या वर्गीकरणाच्या वादातून आलेला होता.

माणसाला हा आक्षेप पुरेपूर लागू पडतो. त्वचेचा रंग विषुववृत्तापासून दूर जाताना फिकट होत जातो, पण रक्तगटांच्या प्रमाणाची दिशा वेगळी आहे आणि दूध पचवण्याच्या क्षमतेची त्याहून वेगळी. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा जनुकबदल पश्चिम व मध्य आफ्रिकेत आहे, ग्रीसच्या काही भागांत, अरबस्तानात आणि आपल्या विदर्भातही आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत मात्र तो जवळपास नाही. तो मलेरियाच्या मागोमाग जातो, त्वचेच्या रंगाच्या मागोमाग नाही. मानवशास्त्रज्ञ फ्रँक लिव्हिंगस्टोनने १९६२ साली हेच सूत्ररूपाने मांडलं : माणसात वंश नाहीत, एकेका लक्षणाचे क्रमाने बदलत जाणारे उतार आहेत. चिंपांझीच्या आज चार उपप्रजाती मानतात. आफ्रिकेच्या एका पट्ट्यात राहणाऱ्या या प्राण्यात जेवढी जनुकीय विविधता आहे, तेवढी पृथ्वीभर पसरलेल्या आठशे कोटी माणसांत नाही. आपली प्रजाती तरुण आहे, सतत हिंडत आणि मिसळत राहिली आहे.

आता भारताकडे वळू, कारण वंशाची मोजणी इथे ज्या प्रमाणावर झाली तशी फार थोड्या देशांत झाली असेल.

हर्बर्ट रिस्ले १९०१च्या जनगणनेचा आयुक्त. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणलं की नासिकांक मिळतो. हे माप त्याने फ्रेंच मानवशास्त्राकडून घेतलं आणि दावा केला, की जातीचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असतो. १९०८च्या ‘द पीपल ऑफ इंडिया’मध्ये त्याने भारतीयांचे सात प्रकार केले. महाराष्ट्रातले ब्राह्मण आणि कुणबी त्यात ‘सिथो-द्रविड’ ठरले, म्हणजे शक आणि द्रविड यांचं मिश्रण. मोजमापात उघड अडचणी होत्या. नाकाचं मूळ नेमकं कुठे धरायचं, यावरच आकडा हलतो. पण त्याहून मोठा दोष पद्धतीचा होता. मोजायचे गट जातीनुसार आधीच पाडलेले, त्यांची उतरंडही आधीच माहीत, आणि मग मापांतून तीच उतरंड शोधायची.

या दाव्याची चिरफाड मराठी विद्वानांनी केली, हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. मुंबई विद्यापीठातले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’मध्ये रिस्लेचेच आकडे प्रांतवार लावले. दर्जा आणि नाक यांचा मेळ उत्तर हिंदुस्थानात काही अंशी दिसत होता. मुंबई इलाख्यात आणि इतरत्र तो टिकत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये हीच मापं पुढे नेली आणि दाखवलं, की नासिकांकावर विश्वास ठेवायचाच असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्येही त्यांनी म्हटलं होतं, की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने सारखे आहेत, तसेच मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परैया.

पण बाबासाहेबांचा याहून मूलगामी विचार १९१६चा आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. गोल्डनवायझर हे मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसचे शिष्य. बोआसने न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची, सुमारे अठरा हजार माणसांची, मापं घेऊन १९११च्या सुमारास दाखवलं होतं, की जो कवटीचा आकार वंशाची अढळ खूण मानला जात होता, तो देश बदलल्यावर पुढच्या पिढीत बदलतो. बदल किती मोठा, यावर २००० नंतरही वाद झाला, पण कवटी अढळ नाही हे मान्य झालं. अशा वातावरणात पंचविशीतल्या आंबेडकरांनी सांगितलं, की युरोपीय अभ्यासकांनी जातीच्या उगमात रंगाला नको तितकं महत्त्व दिलं आहे. जातीचा गाभा बेटीबंदी आहे. गोत्राबाहेर लग्न करणाऱ्या समाजावर जातीतच लग्न करण्याचं बंधन लादलं, आणि स्वतःभोवती कुंपण घातलेला वर्ग जात बनला.

नागपूरचाही या इतिहासाशी एक धागा आहे. १९२०च्या नागपूरच्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची मापं तपासायला सुचवलं. त्या कामातून दोन गटांतलं अंतर अनेक मापं एकत्र धरून काढण्याची रीत जन्मली आणि ती आज जगभर महालनोबिसांच्या नावाने ओळखली जाते. वंशाच्या शोधातून निघालेलं हे साधन आता वंशाशी काही देणंघेणं नसलेल्या असंख्य क्षेत्रांत वापरलं जातं.

आणि इरावती कर्वे. घुर्ये यांच्या या विद्यार्थिनीने बर्लिनला ऑयगेन फिशरकडे डॉक्टरेट केली, १९३० साली. फिशर हा काही किरकोळ माणूस नव्हता. जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या मिश्र संततीवरच्या त्याच्या १९१३च्या पुस्तकाने वंशशुद्धीच्या राजकारणाला शास्त्राचा आधार पुरवला, आणि १९३३मध्ये नाझी सत्तेत तो बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेचा. वंशानुसार ती असमानता वेगळी असेल, अशी गुरूची अपेक्षा होती. वसाहतींतून आणलेल्या कवट्याही मोजून इरावतीबाईंनी लिहिलं, की असा संबंध दिसत नाही. परदेशात, गुरूच्या हाती पदवी असताना, आकडे जे सांगतात तेच लिहिणं ही साधी गोष्ट नव्हती. मापं घेणं त्यांनी पुढेही सोडलं नाही. कैलाश मल्होत्रा यांच्यासह १९६८मध्ये त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली. एकाच वर्णाच्या नावाखाली नांदणारे हे गट जैविकदृष्ट्या एकजिनसी नव्हते. एका मूळ जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, हा समज त्यांना मान्य नव्हता. वेगवेगळ्या मुळांचे गट एका नावाखाली आले, असं त्या मानत.

इतकं होऊनही बिरजाशंकर गुहा यांनी १९३१च्या जनगणनेसाठी केलेले सहा वंश, नेग्रिटोपासून नॉर्डिकपर्यंत, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांतून आजही पाठ केले जातात. हे वर्गीकरण विज्ञानाच्या इतिहासाचा भाग म्हणून शिकवावं. भारतीय समाजाचं वर्णन म्हणून ते तरुणांच्या डोक्यात भरणं मला गैर वाटतं. त्यातली एकच चूक पाहा. अंदमानचे आदिवासी काळे, कुरळ्या केसांचे, म्हणून त्यांना आफ्रिकी लोकांचे सगे मानलं गेलं. जनुकांनी सांगितलं, की ते इतर आशियाई लोकांच्या जवळचे आहेत. याउलट जंजिऱ्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते सिद्दी खरोखरच काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले. त्यांचा बहुतांश जनुकीय वारसा आफ्रिकी आहे, आणि त्यात भारतीय वारसाही मिसळला आहे. बाह्य रूपावरून दोन्ही गट एका कप्प्यात पडले असते.

जनुकांचं युग आल्यावर वाद मिटेल असं वाटलं होतं. तो मिटला नाही, फक्त अधिक नेमका झाला. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिनने १९७२ साली १७ जनुकांचे आकडे घेऊन विविधतेची वाटणी केली. मानवजातीतली ८५.४ टक्के विविधता एकेका लोकसमूहाच्या आतच आहे, ८.३ टक्के एकाच ‘वंशा’तल्या समूहांमध्ये, आणि वंशावंशांत फक्त ६.३ टक्के. २००३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्‌स यांनी आक्षेप घेतला, की एकेक जनुक स्वतंत्र पाहिलं तर असं दिसतं, पण शेकडो जनुकं एकत्र पाहिली तर माणसाचं मूळ कोणत्या भागातलं हे बऱ्यापैकी ओळखता येतं. हा आक्षेप बरोबर आहे. पण त्यातून वंश सिद्ध होत नाहीत, कारण मूळ ओळखणं तर दोन शेजारी जिल्ह्यांच्या पातळीवरही पुष्कळदा जमतं.

२००२चा रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने वापरतात. ५२ समूहांतली १,०५६ माणसं, ३७७ जनुकीय खुणा. संगणकाला पाच गट पाडायला सांगितले, तर ते ढोबळपणे खंडांशी जुळले. सहा सांगितले, तर सहावा गट निघाला पाकिस्तानातल्या हिंदुकुश खोऱ्यांत राहणाऱ्या कलाश लोकांचा. काही हजारांच्या या जमातीला मानवजातीचा सहावा वंश कुणी म्हणणार नाही. त्यातच त्या संग्रहात भारतातला एकही समूह नव्हता. दक्षिण आशिया म्हणजे पाकिस्तान होता. पुढे भारतीय नमुने घातल्यावर दक्षिण आशियाचा वेगळा गट दिसू लागला. किती गट मागितले आणि नमुने कुठून घेतले, यावर कप्प्यांची संख्या ठरते. डार्विनच्या यादीतला २ ते ६३चा घोळ संगणकाच्या भाषेत पुन्हा समोर येतो.

आणि तरी भारतात जातीजातींत जनुकीय फरक सापडतात. ते नाकारण्यात अर्थ नाही आणि त्यांना घाबरण्याचंही कारण नाही. त्यांचं वय पाहावं. हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि हार्वर्ड विद्यापीठ यांच्या २०१३च्या अभ्यासानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात उपखंडात व्यापक सरमिसळ झाली, इतकी की दूरच्या आदिवासी गटांतही तिचा अंश आहे. त्यानंतर ती थांबत गेली. पार्थ मजुमदार यांच्या गटाने २०१६मध्ये हे थांबणं सुमारे ७० पिढ्यांपूर्वीचं असल्याचं मांडलं. आज दिसणारे फरक पुष्कळ अंशी त्या बंद दरवाजांच्या आत साठलेले आहेत. २०१७च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांत थोड्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण अश्केनाझी ज्यू आणि फिन लोकांपेक्षाही तीव्र निघाली. आंध्रच्या वैश्यांमध्ये एका विकराची कमतरता अधिक आढळते आणि त्यामुळे भुलीचं ठरावीक औषध त्यांना धोक्याचं ठरतं, हे तिथल्या डॉक्टरांना ठाऊक आहे.

रिस्लेने मानलं, की वंश वेगळे म्हणून जाती झाल्या. पुरावा उलट दिशेचा आहे. आधी मिसळलेल्या लोकांनी लग्नाची कुंपणं घातली, आणि त्या कुंपणांनी रक्तात फरक साठवले. कारण काय आणि परिणाम काय, याबाबत १९१६च्या निबंधातली मांडणी जनुकशास्त्र येण्याच्या कितीतरी आधी योग्य दिशेला होती. जातीचं जीवशास्त्र आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारावं, की ते कुणी घडवलं आणि ते चालू राहावं असं तुला का वाटतं.

वैद्यकात हा वाद रोजच्या व्यवहाराचा होतो. अमेरिकेत मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढायच्या सूत्रात रुग्ण काळा असेल तर निकाल वाढवणारा गुणक होता. त्यामुळे काळ्या रुग्णांचा आजार कागदावर सौम्य दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागे. २०२१च्या नव्या सूत्रातून तो काढला. २०२३मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी जनुकीय विविधतेऐवजी वंशाचं लेबल वापरू नये, अशी शिफारस केली. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केईएम रुग्णालयातून केलेलं काम यापेक्षा पुढचं आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, पण वजन कमी असूनही आपल्या बाळांत चरबीचं प्रमाण टिकलेलं. ‘भारतीय वंशाला मधुमेह होतोच’ असं म्हणून थांबणं सोपं होतं. याज्ञिकांनी गर्भारपणातल्या आईच्या आहाराकडे, तिच्या कष्टांकडे आणि जीवनसत्त्वांकडे पाहिलं, म्हणून उपायाची वाट दिसू लागली.

सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली सुरू झाली आणि तिचा भर आदिवासी भागांवर आहे. तो रास्त आहे, कारण गडचिरोली आणि नंदुरबारमध्ये आजाराचं ओझं मोठं आहे आणि दवाखाने थोडे. पण विदर्भात हा बदल अनुसूचित जातींमध्ये आणि इतर समाजांतही आहे. ‘आदिवासींचा आजार’ हे लेबल पक्कं झालं, तर नागपूरच्या एखाद्या वस्तीतलं अंगदुखीने कळवळणारं पोर तपासणीवाचून राहील आणि आदिवासी मुलीच्या लग्नाच्या बोलणीत तोच आजार डाग म्हणून वापरला जाईल. म्हणून तपासणी जिल्हा आणि कुटुंबाचा इतिहास पाहून, नवजात अर्भकांपासून आणि गर्भवतींपासून व्हायला हवी. रकान्यात जात कोणती लिहिली आहे, यावर ती अडता कामा नये.